पिनकोड लिहिलात का?

मागच्या अंकात दोन ओळी लिहिल्या होत्या. परदेशात धर्मापायी तुरुंगात पडलेल्या माणसांसाठी अमेरिकेतले साधे लोक आपापल्या खासदाराच्या दारी खेटे घालतात, एवढंच म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली सहा निवडली आहेत.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख: माहेर विट्याचं, वडील पोस्टमास्तर, १९८४ पासून मुक्काम मेरीलँडमध्ये. १९९७ पासून एकोणीस वर्षं वॉशिंग्टनमध्ये एका खासदाराच्या कचेरीत मतदारांची पत्रं वाचायची आणि उत्तरांचे मसुदे करायचे हे माझं काम. आजूबाजूची पोरं-पोरी चोवीस-पंचवीस वर्षांची, मी चाळिशीची, त्यामुळे सगळी मला दबून असत. खासदार कोण, ते विचारू नका. तिथल्या संसदेचं नाव काँग्रेस, पण आपल्याकडे त्या नावानं भलतंच डोळ्यांपुढं येतं, म्हणून मी संसदच म्हणते. खालचं सभागृह हाऊस, वरचं सिनेट.

ताई, चीन-सुदानातल्या देवळा-मशिदींची उठाठेव अमेरिकेच्या संसदेला सांगितली कुणी? मला तर हा सगळा देखावा वाटतो.
— निवृत्त इतिहासशिक्षक, नाशिक

सर, सांगितली मतदारांनी. १९९० नंतरच्या काळात चर्चमधून, सिनेगॉगमधून, तिबेटी आणि बहाई मंडळींकडून संसदेवर पत्रांचा मारा चालला होता. व्हर्जिनियाचे फ्रँक वुल्फ आणि पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी विधेयक आणलं, ते मे १९९८ मध्ये हाऊसनं ३७५ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर केलं. त्यात धर्मावरून छळ करणाऱ्या देशांना शिक्षा आपोआप लागू व्हायची तरतूद होती, आणि तिथंच घोडं अडलं. निर्यात करणाऱ्या कंपन्या बिथरल्या, क्लिंटन सरकारलाही हात बांधून घ्यायचे नव्हते. मग सिनेटमध्ये डॉन निकल्स आणि जो लीबरमन यांनी मवाळ मसुदा आणला. कारवाईचे पंधरा प्रकार, त्यातला अध्यक्षांना हवा तो निवडावा, देशहितासाठी सूट द्यायची तर तीही द्यावी. तो ९८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला आणि २७ ऑक्टोबर १९९८ रोजी क्लिंटननी सही केली. तेव्हापासून परराष्ट्र खातं देशोदेशींच्या धर्मस्वातंत्र्याचा वार्षिक अहवाल काढतं, त्यासाठी तिथं वेगळा राजदूत असतो, आणि खातं अशा छळ करणाऱ्यांची 'विशेष चिंतेचे देश' ही यादी जाहीर करतं. शिवाय नऊ जणांचा एक आयोग आहे. तो फक्त शिफारस करतो. आयोग आणि परराष्ट्र खातं यांत लोक फार गल्लत करतात, चौथ्या पत्रात तेच झालंय.

देखावा म्हणाल तर आहेच थोडा. सौदी अरेबिया २००४ मध्ये यादीत गेला आणि २००६ पासून त्याला सूट मिळत आली. तेलाच्या विहिरीपुढं कायद्याचं काय चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण १९९८ ही सुरुवात नव्हे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत सरकारनं देश सोडू पाहणाऱ्या शिकलेल्या ज्यूंवर पदवीचा कर लावला: शिक्षण आम्ही दिलं, त्याचे पैसे भरा नि मग जा. त्यावर अमेरिकेतल्या ज्यू संघटनांनी सिनेटर हेन्री जॅक्सन आणि ओहायोचे चार्ल्स व्हॅनिक यांना गाठलं. जो कम्युनिस्ट देश लोकांना बाहेर पडू देत नाही त्याला व्यापारातली सवलत नाही, असं कलम त्यांनी व्यापार कायद्यात घुसवलं. ३ जानेवारी १९७५ ला कायदा झाला. गंमत अशी, की त्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांचा आकडा उलट घसरला, कारण मॉस्को चिडलं. १९७९ मध्ये तो ५० हजारांच्या वर गेला, नंतर पुन्हा आटला. दबाव टाकला की दार उघडतंच असं नाही. कधी आणखी घट्ट बसतं.

तुम्ही इतिहासाचे, म्हणून आणखी मागं नेते. ईस्ट इंडिया कंपनीची सनद दर वीस वर्षांनी नवी व्हायची. कंपनीला मिशनरी नको होते, लोक बिथरले तर धंदा बुडेल ही भीती. १८१३ ला सनदेची वेळ आली तेव्हा खासदार विल्यम विल्बरफोर्स आणि त्याच्या मंडळींनी ब्रिटिश पार्लमेंटवर 'मिशनऱ्यांना जाऊ द्या' असे ८३७ अर्ज आणून आदळले, सह्या जवळजवळ पाच लाख. नेमक्या त्याच फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले होते आणि गव्हर्नर सर इव्हन नेपियन त्यांना परत पाठवायच्या तयारीत होते. लंडनमध्ये कलम मंजूर झालं आणि हे राहिले. त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशननं पुढं १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' काढलं. म्हणजे आपल्या भाषेतलं एक जुनं नियतकालिक परदेशी खासदारांकडे केलेल्या अर्जविनंत्यांच्या पोटी आलंय. आता दुसरी बाजू. आमचा धर्म उदात्त, त्यांचा हलका आणि क्रूर, हे विल्बरफोर्स त्याच वादात बोलून गेला. त्याला स्वातंत्र्य हवं होतं ते प्रचार करणाऱ्याचं. ज्याच्यापुढं प्रचार करायचा, त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. अशा कामाकडं आपल्याकडं आजही संशयानं पाहतात, त्याची मुळं मला तिथं दिसतात.

आम्ही एडिसनला राहतो. ५ ऑगस्ट २०२४ नंतर बांगलादेशात हिंदूंवर जे हल्ले झाले त्याबद्दल आमच्या मंडळानं खासदाराला ५२ पानी निवेदन पाठवलं, सोबत पेन ड्राइव्हवर व्हिडिओ. छापील उत्तर आलं: 'आपल्या चिंतेबद्दल आभारी आहोत.' आता पुढं काय करावं?
— मंडळाच्या चिटणीस, न्यू जर्सी

चिटणीसबाई, ते छापील उत्तर कदाचित माझ्यासारखीनंच लिहिलं असेल, तेव्हा आधी माफी मागते.

आत काय होतं ते सांगते. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये दोन सिनेटरांना अँथ्रॅक्सची भुकटी भरलेली पाकिटं आली. तेव्हापासून संसदेची टपालाची पाकिटं आधी किरणोत्सर्गाचा मारा खायला जातात. कचेरीत पोचेपर्यंत दिवस जातात, कधी आठवडे. कागद पिवळा, पापडासारखा कडक होतो, घडी उलगडताना कोपरा तुटून हातात येतो, आणि वास येतो जळक्या प्लास्टिकचा. फोटो एकमेकांना चिकटतात. एका जानेवारीत कुठल्याशा मंडळानं पाकिटात तिळगूळ घातला होता. तो काय झाला होता ते सांगत नाही, पण माझ्या शेजारच्या पोरानं सुरक्षारक्षकांना फोन लावला आणि 'हा सणाचा खाऊ आहे' हे पटवण्यात माझी दुपार गेली. तुमचा पेन ड्राइव्ह तर कुणी यंत्राला लावलाच नसणार, तसा नियमच असतो. ५२ पानं कुणी वाचली नाहीत. पत्राला विषयाचा सांकेतिक क्रमांक लागला, 'परराष्ट्र – दक्षिण आशिया', आणि त्या क्रमांकाचं तयार उत्तर निघालं.

मी स्वतः असं केलंय, आणि ते मला अजून बोचतं. सिल्व्हर स्प्रिंगला नखांचं दुकान चालवणाऱ्या एका व्हिएतनामी बाईचं पत्र आलं. भाऊ बौद्ध भिक्षू, सरकारमान्य नसलेल्या संघाचा, तिकडं तुरुंगात. मी क्रमांक टाकला 'मानवी हक्क – आशिया' आणि गेलं छापील उत्तर. महिन्याभरानं बाई स्वतः आली, तेच उत्तर चार घड्या करून पर्समध्ये. माझ्या टेबलावर उलगडलं आणि म्हणाली, यात माझ्या भावाचं नाव नाही. बस, एवढंच. रडली नाही की भांडली नाही. मी फाइल काढली. तिच्या पत्रात तुरुंगाचं नाव होतं, भावाची जन्मतारीख होती, कोणतं औषध मिळत नाही ते होतं. मी दुसरा परिच्छेद वाचलाच नव्हता.

त्या आठवड्यात आमच्या साहेबांच्या सहीनं व्हिएतनामच्या वकिलातीला पत्र गेलं: हा माणूस, हा तुरुंग, हे औषध. दोन महिन्यांनी औषध पोचल्याचं बाईनं फोनवर सांगितलं. भाऊ सुटला २००५ च्या टेटच्या माफीत, त्यांच्या नववर्षाला कैदी सोडतात तेव्हा. व्हिएतनाम आदल्याच वर्षी 'विशेष चिंते'च्या यादीत गेला होता आणि त्याला व्यापाराचे करार हवे होते. आमच्या पत्राचा वाटा त्यात किती, एक आणा की एक पै, देव जाणे. औषधाचं श्रेय मात्र मी घेते.

म्हणून पुढच्या खेपेला एकच पान न्या. वर एक माणूस किंवा एक गाव: नाव, जागा, तारीख, काय झालं. खाली एकच मागणी, आणि ती अशी असावी की खासदाराला तिला हो किंवा नाही म्हणता यावं. 'बांगलादेशातले हल्ले थांबवा' ही मागणी त्याला पुरी करता येत नाही. 'अमुक अटक झालेल्या माणसाबद्दल परराष्ट्र खात्याला पत्र लिहा', 'तमुक ठरावाला सहप्रस्तावक व्हा', हे येतं. टॉम लँटॉस मानवी हक्क आयोग म्हणून खासदारांचंच एक व्यासपीठ आहे, तिथल्या सुनावणीत प्रश्न विचारायला सांगता येतं. २०१२ पासून त्यांचा एक उपक्रम चालतो, त्यात एकेक खासदार एकेका कैद्याला दत्तक घेतो, म्हणजे त्याचं नाव सभागृहात आणि पत्रांत पुन्हा पुन्हा घेत राहतो. कैद्याचं नाव देण्याआधी घरच्यांना जरूर विचारा. नाव गाजल्यानं कुणाला मार कमी बसतो, कुणाला जास्त. ते घरचेच जाणतात.

वॉशिंग्टनला यायची घाई नको. ऑगस्टमध्ये संसदेला सुट्टी असते, खासदार गावी असतो, तेव्हा त्याच्या तिथल्या कचेरीत पाच जण जा. पाचही जण त्याच मतदारसंघातले हवेत, दुसऱ्या गावचा विद्वान नको. भेट बहुधा पंधरा मिनिटांची, आणि खासदाराशी नव्हे, सव्वीस वर्षांच्या एका मुलीशी. तिला पोरसवदा समजून भाषण ठोकू नका. सायंकाळी साहेबांना काय सांगायचं ते तीच ठरवते. ती विचारेल, तुमची मागणी काय? आपली मंडळी तिथं गडबडतात, सिंधू संस्कृतीपासून सुरुवात करतात.

आणि व्हिडिओंचं. त्या ऑगस्टमध्ये क्रिकेटपटू लिटन दासचं घर जळतंय म्हणून एक चित्रफीत जगभर फिरली. घर मश्रफी मुर्तझाचं होतं, तोही क्रिकेटपटू, पण मुसलमान आणि हसीनाबाईंच्या पक्षाचा खासदार. घरं जळली हे खरं, देवळं फुटली हेही खरं. पण ५२ पानांत असा एक खोटा पुरावा निघाला की त्या मुलीच्या लेखी उरलेली ५१ पानंही गेली. थोडंच द्या, पण खणखणीत.

एक माझ्या पदरचं. तुमच्या पानावर चितगावच्या डोंगरातले बौद्ध आणि अहमदिया, म्हणजे एका छोट्या पंथाचे मुसलमानही असू द्या. २०२३ च्या मार्चमध्ये पंचगडला अहमदियांच्या जलशावर, म्हणजे वार्षिक धार्मिक मेळाव्यावर, हल्ला झाला, त्यांचं गाऱ्हाणं तुमच्यापेक्षा वेगळं नाही. त्यांचे लोकही मेरीलँडपासून जर्सीपर्यंत आहेत, त्यांना बरोबर घ्या. नुसत्या आपल्यांसाठी आलेल्या माणसाला कचेरीत चहा मिळतो. दुसऱ्यांसाठीही बोलणाऱ्याचा फोन नंबर लिहून घेतात. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, नंबर मीच लिहून घेत होते.

मंडळाला करमाफी असेल, ५०१(सी)(३) वाली, तर असं काम बेतानं करायला कायद्याची हरकत नाही. निवडणुकीत कुणाची बाजू मात्र घेऊ नका.

लॉबिंग म्हणजे सभ्य शब्दांत लाचच ना?
— राज्यशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर

नाही रे. सरकारकडे गाऱ्हाणं नेण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत आहे, १७९१ पासून, त्याच वाक्यात जिथं धर्मस्वातंत्र्य आहे. पगार घेऊन हे काम करणाऱ्यानं १९९५ च्या कायद्याखाली नाव नोंदवायचं, दर तिमाहीला हिशेब द्यायचा, आणि तो तू कोल्हापुरात बसून वाचू शकतोस. परदेशी सरकारसाठी करत असेल तर १९३८ चा वेगळा कायदा आहे, तो आणखी कडक. आपल्या पदरच्या पैशानं बस पकडून आलेल्या नखांच्या दुकानवालीला यातलं काही लागू नाही.

पैसा खेळत नाही असं म्हणत नाही. निवडणुकीच्या देणग्या आहेतच, आणि त्यांचं वजन असतं. पण खाण्यापिण्याचे नियम ऐकून हसशील. २००७ नंतर लॉबी करणाऱ्याकडून जेवण घ्यायला आम्हाला बंदी झाली, मात्र समारंभात उभ्यानं काडीला टोचून खाता येईल असं चाललं. काटा-चमचा लागला की ते जेवण! एकदा दिवाळीच्या कार्यक्रमाला बटाटेवडे होते. आमच्यातल्या एकानं त्यात खरोखर काडी टोचली.

अमेरिकेचा तो आयोग भारताला दरवर्षी नावं ठेवतो. तुम्ही तिथलं मीठ खाल्लंत म्हणून विचारतो, लाज वाटत नाही? आणि २००५ चं विसरलात काय?
— एक संतप्त वाचक, पुणे

विसरले नाही. मार्च २००५ मध्ये नरेंद्र मोदी गुजरातचे मुख्यमंत्री असताना त्यांना व्हिसा नाकारला गेला, तो १९९८ च्या याच कायद्यातून आलेल्या कलमाखाली. त्या कलमाखाली व्हिसा नाकारल्याचं जाहीर झालेलं ते एकच उदाहरण. त्याआधी दोन्ही पक्षांच्या काही खासदारांनी परराष्ट्र खात्याला पत्रं लिहिली होती, त्यांच्यामागं अमेरिकेतल्याच भारतीयांच्या संघटना होत्या. आमच्या टेबलावर दोन ढीग झाले, अभिनंदनाचा आणि निषेधाचा, आणि दोन्हींवर आडनावं आपलीच: पटेल, शेख, देसाई, कुलकर्णी. आमच्या पोरांना कळेना हे एकाच देशातले लोक कसे. पुढं ८ जून २०१६ रोजी त्याच संसदेपुढं मोदी पंतप्रधान म्हणून बोलले. तेव्हा मी निवृत्तीच्या उंबऱ्यावर होते, गॅलरीच्या पाससाठी मला ओळखीपाळखीच्यांचे किती फोन आले असतील!

आता तुमची गल्लत. भारताला 'विशेष चिंते'च्या यादीत घाला असं आयोगानं २००२ ते २००४ मध्ये सुचवलं, आणि २०२० पासून दरवर्षी पुन्हा सुचवत आलाय. परराष्ट्र खात्यानं ते एकदाही मानलं नाही. आयोगातही एकमत नसतं. २०२० ला तीन सभासदांनी आपलं वेगळं मत छापून घेतलं, त्यात एक तिबेटी प्राध्यापक होते. भारतात निर्वासित म्हणून काढलेल्या वर्षांच्या अनुभवावरून ते लिहीत होते. भारत सरकार आयोगाला जुमानत नाही, २०१६ ला त्यांच्या पथकाला व्हिसाही दिला नाही.

मला काय वाटतं? आयोगाच्या अहवालात जे घडलं ते बरंच असतं, पण नजर परक्याची. पाहुण्यानं घरातलं जळमट दाखवलं की राग येतो तसा मलाही येतो. जळमट आहे की नाही ते मात्र मी मान वर करून बघते. आणि देशोदेशीच्या श्रेणी लावण्यानं एखादा तुरुंग उघडल्याचं मी फारसं पाहिलं नाही, हेही खरं.

दुसरी आठवण सांगते, मग हवं तर रागवा. मे २००१ मध्ये तालिबाननं फर्मान काढलं, अफगाणिस्तानातल्या हिंदूंनी ओळखीसाठी पिवळी खूण लावावी. आमच्या कचेरीत पहिले फोन आले ते ज्यू मतदारांचे. पिवळी खूण म्हटल्यावर त्या म्हाताऱ्यांना काय आठवलं असेल! एक आजोबा फोनवर नुसते 'पिवळी, पिवळी' म्हणत राहिले. जूनमध्ये हाऊसनं निषेधाचा ठराव केला. काबूलमधल्या चार हिंदूंसाठी परक्या संसदेनं ठराव केलेला आपल्याला चालला, तेव्हा कुणी लाज काढली नाही. आज तर हिंदूंच्याही संघटना वॉशिंग्टनमध्ये पक्क्या बसल्यात, हिंदू अमेरिकन फाउंडेशन २००३ पासून. पाकिस्तान-बांगलादेशातल्या हिंदूंचे अहवाल घेऊन ते त्याच दारांत उभे असतात. त्या दारातून आपण आत गेलो तर मागून दुसरा येणारच.

आमच्या आजीच्या शेजारी रेवदंड्याचं एक शनिवार तेली कुटुंब होतं, ते इस्रायलला गेलं. तिथं त्यांनाच धर्मावरून त्रास झाला असं आजी म्हणायची. ज्यूंना ज्यूंच्या देशात त्रास? आजीची गफलत झाली असेल का?
— गृहिणी, अलिबाग

आजीची गफलत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली, म्हणजेच बेने इस्रायल. इस्रायलमध्ये ज्यूंनी लग्न लावायचं तर ते रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हातून. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या पीठानं नियम काढला की बेने इस्रायल मुलामुलीचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांची वंशावळ जमेल तितकी मागं तपासा. इतर ज्यूंना ही अट नव्हती. नवगावला गलबत फुटून आलेले सात पुरुष आणि सात बायका, ही ज्यांची परंपरा, ते कागद आणणार कुठून?

मग ही मंडळी रस्त्यावर आली. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकापोरांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्यापर्यंत गेली, खासदारांना गाठलं. त्या गर्दीत मराठीतली भांडणं आणि मराठीतली समजूत चालली असेल, असं मला आपलं उगाच वाटतं. १७ ऑगस्ट १९६४ ला त्यांच्या संसदेनं, क्नेसेटनं, सुट्टीतून बोलावलेल्या खास बैठकीत ठराव केला: भारतातले बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत. रब्बींना माघार घ्यावी लागली. पण नियमातून त्यांनी काढलं फक्त 'बेने इस्रायल' हे नाव, आणि घातलं 'ज्याच्याबद्दल शंका असेल असा कोणीही'. शंका कुणाबद्दल येणार ते कारकुनाच्या मर्जीवर.

मी हे प्रकरण मुद्दाम घेतलं. इथं परदेशातून कुणी दबाव आणला म्हणून काम झालं नाही, ज्यांच्यावर बेतली तेच आपल्या खासदारांच्या दारात बसले. आजी असतील तर त्यांना सांगा, त्या मंडळींनी तिथं जाऊनही मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं त्यांनी इस्रायलमध्ये.

मी साताऱ्याहून अमेरिकेच्या खासदाराला पत्र लिहिलं तर वाचतील का?
— सेवानिवृत्त बँक कर्मचारी, सातारा

नाही. आम्ही पहिल्यांदा पत्ता बघायचो, मजकूर नंतर. मतदारसंघाबाहेरचं पत्र बाजूला.

तुमचा खासदार दिल्लीत बसतो, त्याला लिहा. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तराला लागतात आणि २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. त्यासाठी खासदाराला पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणजे तुमचं पत्र अधिवेशनाच्या महिनाभर आधी पोचायला हवं. पाकिस्तानातल्या सिंधमधल्या हिंदू मुलींबद्दल विचारा किंवा चीनमधल्या उइगुरांबद्दल, पण प्रश्न एक असावा आणि त्याला उत्तर देता यावं असा. परराष्ट्र मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं की ते कायमचं नोंदलं जातं, पुढं कुणालाही त्यावर बोट ठेवता येतं. तीन पानी प्रस्तावना नको.

आणि पत्त्याखाली पिनकोड घाला. विट्याच्या पोस्टात पिनकोड नसलेली पत्रं बाबा वेगळ्या खणात टाकायचे, संध्याकाळी वेळ उरला तर बघू म्हणून.